मूत्राशयाच्या स्लाइडवरील पेशी कशा ओळखाव्यात: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

विकृतिशास्त्र विभागात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मूत्राशयाची पहिली स्लाइड पडली की तो बहुधा थेट चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर (चाळीस पट मोठे दाखवणाऱ्या भिंगावर) जातो, डोळ्यांत भरणारी एखादी पेशी गाठतो आणि ती कोणती असावी याच्या विचारात पडतो. घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते, कारण मूत्राशयाच्या भिंतीतल्या कितीतरी पेशी एकट्या पाहिल्या तर एकमेकींसारख्याच दिसतात. लांबट केंद्रक असलेली पेशी स्नायूची असू शकते, फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीचे तंतू बनवणारी पेशी) असू शकते, मज्जातंतूच्या आवरणातली असू शकते किंवा तिरप्या कापल्या गेलेल्या केशवाहिनीच्या अस्तराची असू शकते. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एकच क्रम घालून देतो: आधी पेशीचा पत्ता, मग तिचा आकार, आणि शेवटी गरज पडलीच तर तिच्यावरचा मार्कर, म्हणजे अँटिबॉडीने रंगवून पाहता येणारे तिच्या ओळखीचे प्रथिन. पुढचा सगळा मजकूर याच क्रमाने लिहिला आहे. पदव्युत्तर विद्यार्थी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि जीवशास्त्राकडून ऊतींच्या अभ्यासाकडे वळलेले संशोधक डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

ऊती कुठून आणि कशी आली, हे आधी विचारावे

मूत्राशयाची ऊती प्रयोगशाळेत तीन-चार वाटांनी येते. दुर्बिणीतून चिमट्याने घेतलेल्या लहानशा बायोप्सीत अस्तर आणि त्याखालची संयोजी ऊती चांगली दिसते, पण जाड स्नायू बहुधा नसतो. गाठ खरवडून काढताना विजेच्या तारेने कापलेले तुकडे येतात. त्यांत स्नायू मिळतो, मात्र कडेच्या पेशी भाजलेल्या असतात, त्यांची केंद्रके ताणून दोऱ्यासारखी झालेली असतात आणि पेशीद्रव एकजीव गुलाबी दिसतो. अशा भाजलेल्या पट्ट्यात कोणत्याही पेशीला नाव देऊ नये. संपूर्ण मूत्राशय काढलेले असेल तर घुमट, बाजूच्या भिंती, त्रिकोण (दोन मूत्रवाहिन्यांची तोंडे आणि मूत्रमार्गाचे तोंड यांमधला भाग) आणि मान यांचे तुकडे वेगवेगळ्या कॅसेटमध्ये घेऊन त्यांवर तशी नोंद करावी, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे पेशीचा पत्ता म्हणजे केवळ थर नव्हे, मूत्राशयाचा भागही त्यात येतो. शवविच्छेदनातील ऊती अस्तराच्या अभ्यासासाठी फारशी भरवशाची नसते. मृत्यूनंतर युरोथेलियम, म्हणजे मूत्राशयाचे आतले अस्तर, लवकर सुटून गळून जाते आणि स्लाइडवर नुसता उघडा पडलेला थर राहतो.

ऊती ताबडतोब १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जावी, फॉर्मेलिनचे आकारमान ऊतीच्या किमान दहापट असावे आणि लहान बायोप्सीलासुद्धा निदान सहा तास मिळावेत. ब्लॉक बनवताना तुकडा कडेवर उभा बसवणे हे या सगळ्या कामातले सर्वात दुर्लक्षित कौशल्य आहे. तुकडा आडवा बसला की अस्तर समांतर कापले जाते, पाच-सात थरांऐवजी दहा-बारा थर दिसतात आणि निरोगी माणसाच्या अस्तराला उगाच जाड ठरवले जाते. सेक्शन, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, ३ ते ४ मायक्रॉनचे असावेत. संशोधनासाठी मानवी ऊती वापरायची असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची संमती यांचा प्रश्न ऊती हातात येण्यापूर्वीच सोडवावा लागतो.

सुरुवात चारच्या ऑब्जेक्टिव्हने

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची, म्हणजे नेहमीच्या साध्या निळ्या-गुलाबी रंगाची स्लाइड घ्यावी आणि पहिली पाच मिनिटे चारच्या ऑब्जेक्टिव्हवरून हलू नये. पोकळीची बाजू कोणती ते ठरवावे. त्या बाजूला निळसर-जांभळी पट्टी दिसते ते युरोथेलियम. त्याखाली फिकट गुलाबी, सैल विणीचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर म्हणजे लॅमिना प्रोप्रिया. आणि त्याखाली गडद गुलाबी, जाड, वेगवेगळ्या दिशांनी कापले गेलेले स्नायूंचे जुडगे म्हणजे डिट्रुसर, ज्याला अहवालात मस्क्युलॅरिस प्रोप्रिया म्हटले जाते. त्याही पलीकडे चरबी आणि बाहेरचे आवरण असते. वहीत या पट्ट्यांचे एक ओबडधोबड चित्र काढावे. चित्रकला येत नसली तरी काढावे. चित्र काढताना नजर जिथे अडते तिथेच पुढे शंका येणार असते.

या नकाशात एक फसवी जागा आहे. लॅमिना प्रोप्रियाच्या मधोमध, जरा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आसपास, गुळगुळीत स्नायूंचे पातळ, तुटक, लहरी धागे दिसतात. ही मस्क्युलॅरिस म्युकोसी. आतड्यात ती सलग पट्टी असते, तशी मूत्राशयात ती नसते, आणि म्हणून बराच काळ ती इथे नाहीच असे मानले जात होते. १९८० च्या दशकात तिचे नीट वर्णन झाले. नवशिक्याने ही दोन स्नायूंमधली ओळख पक्की करण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यावा. कर्करोगाच्या पेशी या पातळ धाग्यांपर्यंत पोचल्या असतील तर आजार अजून लॅमिना प्रोप्रियातच आहे असा त्याचा अर्थ होतो. जाड डिट्रुसरमध्ये शिरल्या असतील तर टप्पा बदलतो आणि बहुतेक वेळा उपचारही बदलतात. ओळखण्याची खूण अशी, की डिट्रुसरचे जुडगे जाड, भरीव आणि नीट कडा असलेले असतात, तर म्युकोसीचे धागे काही पेशींच्याच रुंदीचे, विस्कटलेले आणि रक्तवाहिनीला धरून चाललेले असतात. काही माणसांत हे धागेही जाडावतात, तेव्हा मात्र जागा आणि शेजार दोन्ही पाहूनच निर्णय घ्यावा.

युरोथेलियमचे तीन थर

आता दहाच्या आणि मग चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर यावे. अस्तराचा असा भाग निवडावा जिथे सर्वात खालच्या पेशी एका ओळीत, कुंपणासारख्या उभ्या दिसतात. अशा जागी सेक्शन काटकोनात गेलेला असतो आणि तिथेच थर मोजणे योग्य. रिकाम्या, आकसलेल्या मूत्राशयात पाच ते सात थर दिसतात, तर भरलेल्या, ताणलेल्या मूत्राशयात तेच अस्तर दोन-तीन थरांचे भासते. त्यामुळे थरांची संख्या ही आजाराची खूण समजण्यापूर्वी ऊती कोणत्या अवस्थेत फॉर्मेलिनमध्ये गेली हे विचारात घ्यावे.

सर्वात खाली, पातळ आधारपटलावर बसलेल्या बेसल पेशी लहान, साधारण चौकोनी आणि गडद केंद्रकाच्या असतात. त्यांचा व्यास १० मायक्रॉनच्या आसपास भरतो. मोजपट्टी हवी असेल तर शेजारच्या केशवाहिनीतली तांबडी पेशी घ्यावी, ती सुमारे ७ मायक्रॉनची असते आणि प्रत्येक स्लाइडवर फुकट मिळते. त्यावरच्या इंटरमिजिएट पेशी १० ते २५ मायक्रॉनच्या, थोड्या फिकट, लंबगोल केंद्रकाच्या असतात. केंद्रकाचा लांब अक्ष आधारपटलाला काटकोनात उभा असतो आणि बारकाईने पाहिले तर अनेक केंद्रकांवर लांबीच्या दिशेने एक खाच दिसते, जशी कॉफीच्या बीवर असते. ही खाच आणि केंद्रकांची एकाच दिशेने असलेली मांडणी, म्हणजे ज्याला आम्ही ध्रुवता टिकलेली आहे असे म्हणतो, ही निरोगी अस्तराची मोठी खूण आहे.

सर्वात वर अम्ब्रेला पेशी. नाव छत्रीचे असले तरी बाजूने कापलेली ही पेशी पाहिली की मला कोकणातल्या इरल्याचीच आठवण होते: खालच्या तीन-चार पेशींवर पसरलेली, मध्ये फुगीर आणि कडांनी खाली वाकलेली. तिचा पेशीद्रव भरपूर आणि इओसिनमुळे गुलाबी असतो, पोकळीकडची कड जरा जाड आणि गडद रेघ ओढल्यासारखी दिसते, आणि पुष्कळदा एकाच पेशीत दोन केंद्रके असतात. केंद्रक मोठे असते. नवशिक्या हे मोठे केंद्रक पाहून घाबरतो आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढतो, पण केंद्रक मोठे असले तरी पेशी त्याहून कितीतरी मोठी असते, त्यामुळे केंद्रक आणि पेशीद्रव यांचे प्रमाण कमीच राहते. कर्करोगाच्या पेशीत हेच प्रमाण उलटते. ताणलेल्या अस्तरात ही पेशी सपाट होऊन शंभर मायक्रॉनहून रुंद पसरू शकते, आणि मग बाजूने पाहताना ती नुसत्या एका रेघेसारखी उरते.

त्या गडद कडेमागे खरी करामत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते की अम्ब्रेला पेशीच्या पोकळीकडच्या पटलाचा बाहेरचा पदर आतल्या पदरापेक्षा जाड असतो, आणि त्यावर सुमारे १६ नॅनोमीटरचे कण षटकोनी जाळीत दाटीने बसवलेले असतात. हे कण युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांचे असतात. पेशीच्या आत याच पटलाच्या चपट्या पिशव्या साठवलेल्या असतात; मूत्राशय भरू लागले की त्या पृष्ठभागाला जोडल्या जातात आणि पेशीचे क्षेत्रफळ वाढते, रिकामे झाले की पटल पुन्हा आत घेतले जाते. मूत्र रक्तात झिरपू नये ही जबाबदारी या जाळीवर आणि पेशींमधल्या घट्ट सांध्यांवर असते. युरोप्लाकिनची अँटिबॉडी फक्त या पृष्ठभागाच्या पेशी इतक्या स्पष्टपणे का रंगवते, याचे उत्तरही यातच आहे.

अस्तर नेहमी सरळ रेषेत राहत नाही. ते खाली लॅमिना प्रोप्रियात गोल गोल गाठींच्या रूपाने उतरते. या फॉन ब्रुनच्या घरट्यांचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे आणि त्या बहुसंख्य निरोगी मूत्राशयांत सापडतात. घरट्याच्या मध्यभागी पोकळी झाली तर सिस्टायटिस सिस्टिका, आणि पोकळीला उंच स्तंभाकार पेशींचे अस्तर आले तर सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस, अशी नावे दिली जातात. नावात दाह असला तरी दाह असतोच असे नाही. घरटी एका पातळीवर, गुळगुळीत कडांची आणि समान अंतरावर असावीत. वेड्यावाकड्या, खोल शिरणाऱ्या, एकमेकांना भिडलेल्या लहान घरट्यांकडे मात्र वरिष्ठांचे लक्ष वेधावे.

इथे मूत्राशयाचा भाग कोणता, हे विचारण्याचे महत्त्व कळते. प्रौढ स्त्रियांच्या मूत्राशय-त्रिकोणात युरोथेलियमच्या जागी न-केराटिनी स्क्वेमस अस्तर असणे इतके सामान्य आहे की त्याला आजार म्हणू नये. या पेशी ग्लायकोजेनने भरल्यामुळे पांढुरक्या, पोकळ दिसतात, पी.ए.एस. रंगद्रव्याने त्या किरमिजी होतात आणि डायास्टेज (ग्लायकोजेन पचवणारे एन्झाइम) आधी दिले तर तो रंग येत नाही. तेच अस्तर घुमटावर, केराटिनसह सापडले तर ती वेगळी गोष्ट आहे. त्रिकोणात आणि मानेजवळच अस्तराच्या तळाशी किंवा फॉन ब्रुनच्या घरट्यांत तुरळक न्यूरोएंडोक्राइन पेशीही असतात, पण त्या साध्या रंगात ओळखण्याचा हट्ट धरू नये. क्रोमोग्रॅनिन या त्यांच्या मार्करची स्लाइड समोर असेल तेव्हाच त्या दिसतात.

अस्तराखालची गर्दी

लॅमिना प्रोप्रियात खरी कसोटी लागते. सोप्या पेशी आधी बाजूला काढाव्यात. लिंफोसाइट म्हणजे जवळपास नुसते गोल गडद केंद्रक. प्लाझ्मा पेशीचे केंद्रक एका बाजूला सरकलेले, त्यातले क्रोमॅटिन घड्याळाच्या आकड्यांसारखे कडेने मांडलेले आणि शेजारी फिकट चंद्रकोर. इओसिनोफिलचे कण शेंदरी आणि केंद्रक दोन पाळ्यांचे. इओसिनोफिल फार दिसले तर परजीवींची अंडी शोधावीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिम्वी गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र १९५२ मध्ये नोंदले गेले होते, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा आजार केवळ नाईल खोऱ्यातला म्हणून सोडून देता येत नाही. इजिप्त किंवा पूर्व आफ्रिकेत काम करून परतलेल्या माणसाच्या बायोप्सीत तर तो शोधायलाच हवा. मूत्राशयातल्या अंड्याला टोकाला काटा असतो आणि भोवती बऱ्याचदा चुना साचलेला असतो.

कर्करोगावरचा उपचार म्हणून बी.सी.जी.चे औषध मूत्राशयात सोडलेल्या रुग्णांत फिकट, लांबट, चपलेच्या तळव्यासारख्या केंद्रकांच्या एपिथेलॉइड पेशींचे पुंजके आणि कडेने केंद्रके मांडलेल्या मोठ्या पेशी दिसतात. या मॅक्रोफेजच्याच रूपांतरित अवस्था असून सीडी६८ या मार्करने त्या रंगतात. क्षयरोगातही असेच पुंजके दिसतात, म्हणून उपचारांची माहिती अर्जावर नसेल तर क्षयरोगाचा अहवाल लिहिण्यापूर्वी वॉर्डात फोन करावा.

आता अवघड मंडळी. फायब्रोब्लास्टचे केंद्रक बारीक आणि दोन्ही टोकांना निमुळते असते, पेशीद्रव जवळजवळ दिसत नाही. त्यांच्यातच, अस्तराच्या लगेच खाली आणि स्नायूंच्या जुडग्यांमध्ये, लांब बारीक फाटे असलेल्या इंटरस्टिशियल पेशी असतात. साध्या रंगात त्या फायब्रोब्लास्टपासून वेगळ्या करता येत नाहीत, हे सरळ मान्य करावे. मास्ट पेशी लंबगोल, मध्यभागी गोल केंद्रकाची, कणीदार असते. तिच्यासाठी टोल्युइडिन ब्लू हा स्वस्त आणि उत्तम मार्ग आहे, कारण इतर सगळे निळे राहते आणि मास्ट पेशींचे कण जांभळट-तांबडे होतात.

या दोघींच्या गफलतीने मला शिकण्याच्या दिवसांत चांगलाच धडा मिळाला. इंटरस्टिशियल पेशी मोजण्याचे काम माझ्याकडे होते आणि त्यांच्यासाठी सीडी११७ ची अँटिबॉडी वापरली होती. तपकिरी झालेली प्रत्येक पेशी मी तीन दिवस मोजत राहिलो आणि आकडा पाहून स्वतःवर खूश झालो. आमच्या मॅडमनी स्लाइड खाली ठेवली, अर्धा मिनिट पाहिले आणि विचारले, "यातल्या मास्ट पेशी किती वगळल्यास?" मी एकही वगळली नव्हती. सीडी११७ दोन्ही पेशींवर असते, आणि मूत्राशयात तपकिरी दिसणाऱ्या पेशींत मास्ट पेशीच जास्त असतात. मास्ट पेशींच्या कणांतल्या ट्रिप्टेज या प्रथिनाची जोड स्लाइड करून पुन्हा मोजले तेव्हा माझ्या यादीतल्या बहुतेक नोंदी खोडाव्या लागल्या. गोल, कणीदार आणि ट्रिप्टेज असलेली ती मास्ट पेशी. फाटे असलेली आणि ट्रिप्टेज नसलेली तेवढीच यादीत ठेवायची.

जाड स्नायू आणि त्यातले शेजारी

डिट्रुसरच्या पेशीचे केंद्रक दोन्ही टोकांना बोथट, सिगारसारखे असते. जुडगा आडवा कापला गेला असेल तर बहुकोनी गुलाबी तुकडे दिसतात आणि त्यांतल्या काहींच्याच मध्यभागी गोल केंद्रक असते, कारण बाकीच्या पेशी केंद्रकापासून दूर कापल्या गेलेल्या असतात. मज्जातंतूचा जुडगा याहून फिकट असतो आणि त्यातली केंद्रके लहरी, टोकदार असतात. ही केंद्रके मज्जापेशींची नव्हेत, मज्जातंतूला आवरण देणाऱ्या श्वान पेशींची असतात. ज्या मज्जापेशीचा तो तंतू असतो तिचे शरीर पुष्कळदा मेरुरज्जूलगत किंवा ओटीपोटातल्या गंडिकेत, या स्लाइडपासून फार लांब असते. काही मज्जापेशी मात्र मूत्राशयाच्या भिंतीतही असतात. स्नायूंच्या जुडग्यांमध्ये किंवा बाहेरच्या चरबीत अशा गँग्लियॉन पेशींचा लहान पुंजका भेटतो: मोठी पेशी, एका बाजूला झुकलेले गोल केंद्रक आणि त्यात ठसठशीत केंद्रकी. कर्करोगाची पेशी म्हणून हिच्याभोवती शाईचा ठिपका काढून ठेवणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत एक तरी असतोच. भोवतीच्या लहान आवरण-पेशींचे कडे आणि शेजारचा मज्जातंतू पाहिला की शंका फिटते.

पॅरागँग्लिया, म्हणजे मज्जातंतूंलगतच्या न्यूरोएंडोक्राइन पेशींचे निरोगी पुंजके, यापेक्षा फसव्या. फिकट, कणीदार पेशींचे लहान गोलाकार पुंजके आणि भोवती नाजूक केशवाहिन्यांची जाळी असे त्यांचे रूप असते, आणि स्नायूंत त्या दिसल्या की कर्करोग आत शिरला असे वाटते. चरबीचेही तसेच. मूत्राशयाच्या लॅमिना प्रोप्रियात आणि स्नायूतही चरबीच्या पेशी नैसर्गिकपणे असतात, त्यामुळे खरवडलेल्या तुकड्यात चरबी दिसली म्हणून भिंत फाटली असा अहवाल देऊ नये.

अँटिबॉडी कधी आणि कोणती

पत्ता आणि आकार यांवरून प्रश्न नेमका झाल्यावरच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीकडे, म्हणजे अँटिबॉडीने ठराविक प्रथिन रंगवण्याच्या पद्धतीकडे, वळावे. "ही पेशी कोणती?" हा प्रश्न अँटिबॉडीला विचारता येत नाही, "ही युरोथेलियल पेशी आहे की पॅरागँग्लियाची?" हा विचारता येतो.

अस्तरासाठी मोजका संच पुरतो. गाटा३ सर्व थरांची केंद्रके रंगवतो आणि सीके७ (सीके म्हणजे सायटोकेराटिन, अस्तराच्या पेशींतले प्रथिन) सर्व थरांचा पेशीद्रव. सीके५/६ आणि सीडी४४ खालच्या बेसल पेशींना धरतात. पी६३ बेसल आणि इंटरमिजिएट पेशींच्या केंद्रकांत असतो आणि अम्ब्रेला पेशींत नसतो. सीके२० आणि युरोप्लाकिन हे अम्ब्रेला पेशींचे, फार तर त्यांच्या लगेच खालच्या काही पेशींचे. युरोप्लाकिन-३ पेक्षा युरोप्लाकिन-२ ची अँटिबॉडी अधिक संवेदनशील आहे. सीके२० ची स्लाइड वाचताना आधी साध्या रंगाच्या स्लाइडवर अम्ब्रेला पेशी शिल्लक आहेत का ते पाहावे. त्या गळून गेल्या असतील तर सीके२० निगेटिव्ह येणारच, त्यात नवल नाही. याच मार्करच्या जागेवरून पुढे एक व्यावहारिक उपयोग होतो: सीके२० अस्तराच्या पूर्ण जाडीत पसरले, सीडी४४ नाहीसा झाला आणि पी५३ बहुसंख्य केंद्रकांत गडद उतरला तर सपाट, अस्तरातच राहिलेल्या कर्करोगाची शंका बळावते, दाहामुळे चिडलेल्या अस्तरात सीके२० वरच राहते आणि सीडी४४ उलट वरपर्यंत चढतो.

स्नायूंसाठी डेस्मिन आणि स्मूद मसल ॲक्टिन वापरतात, पण ॲक्टिन हे मायोफायब्रोब्लास्ट आणि केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशींतही असते, म्हणून ते एकट्याने काही सिद्ध करत नाही. स्मूथेलिन डिट्रुसरमध्ये गडद आणि मस्क्युलॅरिस म्युकोसीत फिका किंवा शून्य येतो. मात्र काही ठिकाणी या दोन रंगछटा एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे फक्त त्याच्यावर टप्पा ठरवू नये, असेच माझे मत आहे. रक्तवाहिन्यांसाठी सीडी३१ आणि ईआरजी, लसिकावाहिन्यांसाठी डी२-४०, श्वान पेशींसाठी एस-१०० आणि सॉक्स१०, मज्जातंतूंसाठी पीजीपी ९.५.

आता प्रत्येक मार्कर दुसऱ्या कोणाच्या अंगावर सापडतो, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. गाटा३ काही टी-लिंफोसाइटमध्ये असतो आणि पॅरागँग्लियाच्या पेशींतही असतो. म्हणून स्नायूतला तो फिकट पुंजका गाटा३ पॉझिटिव्ह आला की नवशिक्या कर्करोगावर शिक्कामोर्तब करून मोकळा होतो. तिथे सायटोकेराटिन निगेटिव्ह आणि सिनॅप्टोफायसिन हा न्यूरोएंडोक्राइन मार्कर पॉझिटिव्ह येतो हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सीडी१३८ प्लाझ्मा पेशींचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण युरोथेलियमही त्याने रंगते. अस्तराला चिकटलेल्या प्लाझ्मा पेशी मोजायच्या तर मम१ बरा. सीडी३४ केशवाहिन्यांच्या अस्तराखेरीज लॅमिना प्रोप्रियातल्या फायब्रोब्लास्टसदृश पेशींतही असतो, तिथे ईआरजी निवाडा करतो.

एका पाहुण्या पेशीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. लॅमिना प्रोप्रियात लहान नलिकांचा पुंजका दिसला आणि मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींत असणारा पॅक्स८ पॉझिटिव्ह आला तर तो नेफ्रोजेनिक ॲडेनोमा ही निरुपद्रवी वाढ असू शकते. मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरील २००२ सालच्या अभ्यासात या नलिकांच्या पेशी दात्याच्या आढळल्या, म्हणजे मूत्रपिंडातून वाहत आलेल्या पेशी मूत्राशयाच्या जखमी अस्तरावर रुजल्या होत्या. पत्ता मूत्राशयाचा, मूळ गाव वेगळे.

प्रत्येक स्लाइडवर अंतर्गत नियंत्रण शोधावे. पी६३ साठी बेसल थर, डेस्मिनसाठी डिट्रुसर किंवा मस्क्युलॅरिस म्युकोसीचे धागे, सीडी११७ साठी मास्ट पेशी. तेच रंगले नसेल तर बाकी स्लाइड वाचण्यात अर्थ नाही. अँटिजेन उघडे करण्याची पायरी, म्हणजे प्रेशर कुकरमधला वेळ आणि बफरचा पीएच, तपासून स्लाइड पुन्हा करावी.

संगणकाकडून आलेल्यांसाठी

अलीकडे काही विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाआधी एकल-पेशी आरएनए माहितीकडे, म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुके व्यक्त होतात याच्या मोजणीकडे, येतात. २०१९ मध्ये मानव आणि उंदीर यांच्या मूत्राशयाचा असा नकाशा प्रसिद्ध झाला. मानवी अस्तरात टीएनएनटी१ हे जनुक व्यक्त करणारा पेशीगट आणि इंटरस्टिशियल पेशींत एडीआरए२ए व एचआरएच२ असलेला गट त्यात वेगळा दाखवला गेला. २०२२ च्या टॅब्युला सेपियन्स या संचात १५ दात्यांच्या २४ ऊतींमधल्या सुमारे पाच लाख पेशी आहेत आणि त्यात मूत्राशयही आहे. केआरटी५ बेसल, केआरटी१३ बेसल-इंटरमिजिएट, केआरटी२० व युपीके१ए अम्ब्रेला, डीईएस व एमवायएच११ स्नायू, पीडीजीएफआरए फायब्रोब्लास्टसदृश पेशी, टीपीएसएबी१ मास्ट पेशी, अशा ओळखींनी गट वाचायला सुरुवात करता येते.

पण या पद्धतीत ऊती एन्झाइमने सोडवून पेशी सुट्या कराव्या लागतात, आणि त्यात पत्ता पुसला जातो. घट्ट सांध्यांनी जखडलेल्या, आकाराने मोठ्या अम्ब्रेला पेशी सुट्या करताना सहज गमावल्या जातात, म्हणून संगणकावर त्यांचा गट लहान दिसला तरी ऊतीत त्या थोड्या आहेत असा निष्कर्ष काढू नये. त्यांच्यातल्या दोन केंद्रकांमुळे त्या "दोन पेशी चिकटल्या" म्हणून गाळल्या गेल्या नाहीत ना, हेही पाहावे. आणि मज्जातंतूंनी भरलेल्या या अवयवात मज्जापेशींचा गट का दिसत नाही, हा प्रश्न पडला तर श्वान पेशींविषयी वर लिहिलेले पुन्हा वाचावे. गटाला नाव दिल्यावर त्याच जनुकाच्या प्रथिनाची अँटिबॉडी शेजारच्या सेक्शनवर लावून तो गट भिंतीत नेमका कुठे बसतो ते दाखवले, तरच ते नाव माझ्या लेखी पक्के.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक संशयित पेशीची नोंद एका ओळीत असावी आणि तिचा क्रम बदलू नये: मूत्राशयाचा भाग, थर, शेजार, केंद्रकाचा आकार, पेशीद्रव, मार्कर, निष्कर्ष. उदाहरणार्थ: "उजव्या बाजूची भिंत, लॅमिना प्रोप्रियाचा मध्य, शिरेलगत, केंद्रक गोल, मध्यभागी, पेशीद्रव कणीदार, सीडी११७ पॉझिटिव्ह, ट्रिप्टेज पॉझिटिव्ह, मास्ट पेशी." शेवटच्या रकान्यात "अनिश्चित" लिहिण्याची मुभा स्वतःला द्यावी आणि अशा पेशींचे स्लाइडवरचे स्थान सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजवरील व्हर्नियर मोजपट्टीच्या आकड्यांसह टिपून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती पेशी सापडत नाही. ब्लॉकमधून खोल सेक्शन मागवताना तंत्रज्ञांना मधले सेक्शन न टाकता चार्ज्ड (सेक्शन घट्ट धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर घेऊन ठेवायला सांगावे. संशयाची पेशी बहुधा त्या मधल्या सेक्शनमध्येच असते, आणि अँटिबॉडी लावायची वेळ येईपर्यंत लहान बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये नुसते मेण उरलेले असते.